दाखला

माझ्या शाळेच्या पटावर अकरा नावं.
सात नेपाळची, तीन वाडीतली,
एक चिरेखाणीवरच्या कानडी कामगाराची शिवव्वा,
ती कधी असते, कधी नसते.
मी स्वतः उदगीरकडचा. इथल्या भाषेत, घाटी.
बारा वर्षं झाली, भाकरीशिवाय अजून जेवल्यासारखं वाटत नाही.

वाडीतली घरं कुलपात आहेत.
कुलपांना तेल घालायला एक माणूस ठेवलाय,
त्याचे पैसे कुवेतहून येतात.
घवाळ्यांचा निनाद तिकडे क्रेन चालवतो
आणि त्याच्या कलमांखाली कालिकोटचा हिकमत बुढा
दिवसा वानर हाकतो, रात्री बॅटरी मारतो.

हिकमतची थोरली, लालसरा, सहावीत.
जन्म पंपाच्या खोलीतला, फवारणीच्या पिंपांशेजारी.
बोलते अस्सल इथलं.
"मास्तर, त्यानं माझी पट्टी मोडलीन."
मलाच आधी मनात उलथापालथ करावी लागते.

सगळ्यांना बहादूर म्हणायची इथे रीत आहे.
बाप बहादूर, काका बहादूर, उद्या येईल तोही बहादूर.
हजेरी घेताना मी पूर्ण नाव घेतो.
बारा वर्षांत केलेलं सांगण्यासारखं एवढंच.

एप्रिलात टाकीवर पाटी लागली होती:
बागवाल्या कामगारांनी इथे पाणी भरू नये.
सप्टेंबरच्या शेवटी पटाची मोजणी,
तर पाटी लावणारे उपसरपंच स्वतः
मोटरसायकलवर तीन पोरं घेऊन सडा चढून आले,
पोरांच्या पायांत नव्या चपला.
"शाळा ऱ्हायली पायजे, मास्तर. शाळा गेली की गाव गेला."
त्यांचा नातू रत्नागिरीत इंग्रजी शाळेत जातो.
चपला मात्र मोजणीनंतरही परत मागितल्या नाहीत,
हे सांगायला हवं.

'माझे गाव' या विषयावर लालसरानं लिहिलं:
माझ्या गावाला जायला चार दिवस लागतात.
तिथे माझा भाऊ आहे. तो मोबाईलमध्ये राहतो.
त्याला समुद्र दाखवला की तो हात लावून बघतो.
मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले.

मे महिन्यात आंबा संपला. हिकमत दारात उभा,
चपला बाहेर काढून.
दोघी मुलींचा दाखला पाहिजे, पुतण्याचाही.
तिकडे म्हातारी पडली, घर बघायला कोणी नाही.
मी अकरातून तीन वजा केले.
दहाच्या खाली गेलं की वरून पत्र येतं,
पत्रामागून कुलूप,
आणि माझी बदली कुठे, ते देव जाणे.
म्हणालो, शिक्का रत्नागिरीला गेलाय. नंतर बघू.
शिक्का माझ्या मांडीला टेकलेल्या ड्रॉवरमध्ये होता.
हिकमत म्हणाला, "जी."
शिक्क्यावर त्याचा फार विश्वास.

रात्री एकट्यानं तिन्ही दाखले भरले.
शाळा सोडण्याचे कारण: पालकांचे स्थलांतर.
हे अक्षर मी पूर्वी पाहिलंय,
माझ्याच दाखल्यावर, चौथीच्या,
बाप कोयता घेऊन कारखान्याला निघाला त्या वर्षीच्या.
त्या गुरुजींनी मात्र त्याच दिवशी
सही करून दिली होती.

जून. मी नावं घेतो.
लालसरा हिकमत बुढा.
वाडीतलं एक पोर सांगतं, "गावाक गेलीन."
आजारी असल्यासारखा मी रकान्यात एक टिंब देतो.

परवा फोन आला. मागे कुठेतरी कोंबडा,
आणि लहान मुलाचं रडणं, मोबाईलबाहेरचं.
मला वाटलं, दाखला मागेल.
शब्द जुळवून ठेवले होते.
तर ती म्हणाली,
"मास्तर, माझा नंबर कुणाला दिलात नाय ना?
पाच. माझाच हाय ना अजून?"

हो, म्हणालो.
तुझाच आहे.